शुक्रवारची पिवळी करी

मिस ऑड्रींच्या हिंदीत फक्त हुकूम होते. पानी लाओ, चादर बिछाओ, दरवाजा बंद करो, जल्दी करो. मला आवडलं, मला वाटतं, काल असं झालं, हे त्या हिंदीत बसतच नसे. ही भाषा त्यांना आजीकडून मिळाली होती. आजी साहेबाची बायको म्हणून पुण्याला राहिली होती, आणि तिला हिंदी लागायची ती खानसामा, माळी आणि आया यांच्याशी बोलण्यापुरती. तेवढीच ती शिकली, तेवढीच इंग्लंडला घेऊन गेली आणि तेवढीच नातीच्या हातात दिली. त्यामुळे मिसना काहीही सांगायचं असलं तरी हुकूमच सोडावा लागे. समोरून धुळीचं वादळ येताना दिसलं की गॅलरीतून हाक यायची, "सकीना, धूल आओ." म्हणजे धूळ येते आहे, दोरीवरचे कपडे काढ. माझी मुलं हसायची, मिस धुळीला बोलावणं पाठवतात म्हणायची.

एकदा मी तापाने पडले. मिस तिसऱ्या मजल्यावरून खाली आमच्या घरी आल्या, खुर्ची ओढून उशाशी बसल्या आणि कपाळावर हात ठेवून शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "अच्छा हो जाओ. जल्दी."

दुसऱ्या दिवशी मी उठले. न उठून काय करते.

आम्ही कुवेतमध्ये अबू हलीफाला राहतो, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. आमचे हे मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत एका कंत्राटदाराची गाडी चालवतात. मी रत्नागिरीकडच्या खाडीकाठची, चौथीपर्यंत शाळा, मग लग्न, मग कुवेत. इंग्रजी ऐकून ऐकून कळायला लागलं, बोलायला मात्र जीभ उचलत नाही. मिसच्या घरी मी रोज सकाळी जायचे, स्वयंपाक आणि झाडलोट करायचे. त्या सालमियातल्या एका शाळेत इतिहास शिकवायच्या. उंच, काटकुळ्या, केस पांढरेशुभ्र आणि आपल्याच हाताने कापलेले, त्यामुळे एका कानावर नेहमी जास्त. त्यांचे वडील तेलकंपनीत होते. अहमदीला गोऱ्यांची बंगल्यांची वसाहत होती, दारापुढे हिरवळ आणि मेंदीचं कुंपण, तिथे मिसचं लहानपण गेलं. इंग्लंडला गेल्या त्या शिकण्यापुरत्या. तरी स्वतःला पक्क्या इंग्लिश म्हणायच्या, आणि ज्या गोष्टींना इंग्लिश म्हणायच्या त्यातल्या निम्म्या मला ओळखीच्या वाटायच्या.

बूट घालण्याआधी त्या दोन्ही बूट उलटे करून दाराच्या चौकटीवर तीनदा आपटायच्या. मला वाटलं वाळू झटकतात. पण नवे बूट डब्यातून काढले तेव्हाही आपटले. विचारायचं धाडस मला कितीतरी महिने झालं नाही. शेवटी विचारलं तर म्हणाल्या, विंचू. आजीच्या पुण्याच्या बंगल्यात विंचू फार, बुटात जाऊन बसायचे, म्हणून आजी बूट आपटायची. आजीचं बघून आई आपटायची, आईचं बघून मी. आई कुठे वाढली, असं मी विचारलं. तर इंग्लंडमध्ये समुद्राकाठच्या एका गावात, जिथे जन्मात कोणी विंचू पाहिला नव्हता.

दुसरी गोष्ट कडू पाण्याची. सूर्य कलला की मिस गॅलरीत वेताच्या खुर्चीवर बसायच्या आणि बाटलीतलं बुडबुड्यांचं कडू पाणी लिंबू पिळून प्यायच्या. त्याला छोटा पेग म्हणायच्या. आमच्या ह्यांनी एकदा तेवढंच ऐकलं आणि गंभीर झाले. इथे दारूला बंदी, उद्या पोलीस आले तर तुझंही नाव येईल म्हणाले. मी बाटली आणून दाखवली, त्यांनी घोटभर चाखली आणि तोंड असं केलं की मला पदर तोंडात कोंबावा लागला. आजी मलेरिया होऊ नये म्हणून ते पाणी दारूत घालून घ्यायची. कुवेतमध्ये दारू नाही आणि मलेरियाही नाही. पेग तेवढा राहिला होता.

आणि शुक्रवारची करी. शुक्रवारी दुपारी त्यांच्याकडे करी असायचीच. अहमदीला वसाहतीतल्या सगळ्या घरी असायची, आणि त्याआधी आजीकडे. ती कशी करायची हे मिसनी मला पहिल्या महिन्यात शिकवलं. कांदा लोण्यात परतायचा, मैदा घालायचा, पिवळ्या डब्यातली पावडर घालायची, आंबट सफरचंदाच्या फोडी, मनुका, मग कोंबडी. मैदा टाकताना पहिल्यांदा माझा हात थांबला होता. त्यांनी मागून सांगितलं, "डालो." मी डालला. वर भाताभोवती छोट्या वाट्या मांडायच्या: केळ्याच्या चकत्या, किसलेलं खोबरं, शेंगदाणे, टोमॅटो, आंब्याची गोड चटणी. हे सगळं करीवर पसरून खायचं.

एका शुक्रवारी त्यांनी आम्हां दोघांना जेवायला बोलावलं. आमचे हे इस्त्रीचा शर्ट घालून आले. समोर केळी, खोबरं, मनुका पाहून त्यांना वाटलं, ह्या लोकांत गोड आधी खातात. त्यांनी मुकाट्याने सगळी केळी संपवली. मिस बघत राहिल्या, मग स्वतः उठून आणखी दोन केळी चिरून आणली आणि म्हणाल्या, "उस्मान, केला करी पे डालो." ह्यांनी घातली. खाल्लीही. घरी आल्यावर म्हणाले, "लोणचं आहे का गं?" आणि कोरड्या चपातीबरोबर अर्धी बरणी खाल्ली.

मिस कशा बाई होत्या ते सांगायचं तर त्यांच्या चुकीबद्दलच्या रागाबद्दल सांगायला हवं. चूक दिसली की त्यांना राहवत नसे. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, जिना खालून वर पुसत यायचा. मिसनी त्याच्या हातातली बादली घेतली आणि सगळे मजले वरून खाली पुसून दाखवले. त्या स्वतःच्या चुकीलाही सोडत नसत. एका ईदला त्या आमच्याकडे जेवल्या. पापलेटचं सालन केलं होतं, खोबरं वाटून, गावची सोलं घालून. पापलेटला इथे जुबैदी म्हणतात. मिसनी दोनदा भात घेतला. मग बराच वेळ ताटाकडे बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "सकीना, पीला करी बंद करो." आपण जन्मभर खोटी करी खाल्ली असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पिवळा डबा मी टाकून दिला, शुक्रवारी आमच्यासारखं सालन सुरू झालं. आमचे हे खूश झाले. पुढे एकदा कपाट धुताना मैद्याच्या मागे मला नवा पिवळा डबा सापडला, अर्धा संपलेला. मी तो होता तसा ठेवून दिला.

मग शाळेने त्यांना निरोप दिला. वय झालं होतं. नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, जातो, आणि इकामा गेला की कुवेत संपतं, हे इथल्या प्रत्येक माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. मिसना मात्र ते इतरांसाठी आहे असं वाटत आलं होतं. त्या इथे आमच्यापेक्षा आधीच्या, अहमदीची झाडं त्यांनी रोपं असताना पाहिलेली. आता तीन महिन्यांत घर सोडायचं होतं. जायचं कुठे? इंग्लंडमध्ये एकच घर होतं, आईचं, आणि त्यात धाकटी बहीण जोन राहत होती. जोनशी मिस आई गेल्यापासून बोलल्या नव्हत्या.

का, ते त्यांनी मला गॅलरीत सांगितलं. अर्धं इंग्रजीत, अर्धं हुकमांत. त्या घराच्या फाटकावर पितळी पाटी होती, त्यावर घराचं नाव, पूना. आजोबांनी लावलेली. आतही सगळं तिकडचं, पितळी तबकं, हस्तिदंती हत्ती, वाघाचं कातडं. आईच्या दफनानंतर सगळे चहा पीत असताना मिसनी जोनला सांगितलं, ही पाटी काढ, ही लाजेची गोष्ट आहे. इतिहास शिकवत होत्या ना. मुलांना एक शिकवायचं आणि फाटकावर दुसरं, हे त्यांना सोसेना. जोन म्हणाली, आज? आईला आत्ता पुरून आलो आणि तू आज हे बोलतेस? तेव्हापासून बंद.

मिसनी मला विचारलं, पुणं कसं आहे, थंड आहे का? मी सांगितलं, मीही पाहिलं नाही. आमची गाडी गावाहून थेट मुंबईच्या विमानतळावर जाते. 

मला राहवलं नाही म्हणून मी बोलले. आमच्या गावात एक घर आहे, त्याचं नाव कुवेत मंझिल. शेजारी दुबई हाऊस. कोणाला त्याची लाज वाटत नाही. मिस आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या, "उस्मान कुवेतला घाम गाळायला आला. माझे आजोबा पुण्याला हुकूम करायला गेले होते."

 माझे पणजोबा गोऱ्यांच्या बोटीवर खलाशी होते, खाली भट्टीत कोळसा टाकायचे. मिसची आजी कदाचित त्याच बोटीने वरच्या मजल्यावर बसून आली असेल. हे मी मनात म्हटलं, बोलले नाही. त्यांना आधीच पुरेसं लागलं होतं.

शेवटी मिसनी बहिणीला फोन केला. जोनबाई म्हणाल्या, मी येते आठ दिवस. आपल्याला एका छपराखाली राहता येतं का ते बघू, मग ठरवू.

जोनबाई आल्या. बुटक्या, गोल, कुवेतच्या हवेत लोकरीचं जाकीट. मिससारखं काही म्हणून नव्हतं. चार दिवस दोघी एकमेकींशी इतक्या सभ्यपणे बोलल्या की मला स्वयंपाकघरात घाम फुटायचा. साखर देतेस का, आभारी आहे. खिडकी लावू का, तुला हवं तसं. मिस मला रोज विचारायच्या, जोन खूश आहे ना? म्हणजे त्यांच्या भाषेत, "जोन खुश रहो?" मी मान हलवायचे. मला तसं दिसत नव्हतं.

शुक्रवार आला. मिसनी सकाळीच फर्मावलं, आज ईदला केलं होतंस तसं सालन, सगळ्यात चांगलं. मी फहाहीलच्या बाजारातून ताजी जुबैदी आणली, नारळ वाटला, सोलं भिजवली. इतकं मन लावून मी ईदलाही केलं नसेल. टेबल मांडलं आणि आत जाऊन उभी राहिले. दार उघडंच होतं.

जोनबाईंनी एक घास घेतला. बरा लागला असावा, त्या दुसरा घेणार होत्या. पण मिसना गप्प बसवेना. त्या वर्गात उभ्या असल्यासारख्या बोलायला लागल्या. खरी करी कशी असते, तिकडच्या लोकांच्या घरी काय करतात, आपल्या लोकांनी त्याचं काय करून ठेवलं. म्हणाल्या, "जोन, आपण लहानपणी खाल्लं ते खोटं होतं."

जोनबाईंनी चमचा खाली ठेवला. "आईचं?"

"आईचं, आजीचं, सगळ्यांचं."

"शेवटी आई दुसरं काही खात नव्हती," जोनबाई म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. "सूप नाही, पाव नाही. फक्त ती पिवळी करी. मी चमच्याने भरवायचे. तू इथे होतीस. ते खोटं होतं का, ऑड्री?"

 जोनबाई उठल्या. मी हॉटेलवर जाते आणि मिळेल त्या विमानाने परत जाते म्हणाल्या, दारापाशी गेल्या, बूट उचलले. मिस खुर्चीतच होत्या, हात मांडीवर. त्या क्षणी मला कळलं की घर गेलं. इथलंही आणि तिथलंही.

जोनबाईंनी दोन्ही बूट उलटे केले आणि चौकटीवर आपटले. तीनदा.

मिसनी वर पाहिलं. "जोन," त्या म्हणाल्या, "अबू हलीफात विंचू नाहीत."

"माहीत आहे," जोनबाई रागातच म्हणाल्या. "आपल्या गावात तरी कुठे आहेत."

आणि बूट हातात धरून त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या गालाचा कोपरा हलला, मग पोट हलायला लागलं, मग मिसचे खांदे. दोन म्हाताऱ्या बाया हसत होत्या की रडत होत्या ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मी आत येऊन नळ सोडला, उगाच.

पाठोपाठ मिस आत आल्या. माझा एप्रन खुंटीवरून काढून स्वतः बांधला, मैद्यामागे हात घालून पिवळा डबा बाहेर काढला. माझ्याकडे न बघता. मी सफरचंद चिरायला घेतलं. मिसनी कांदा परतला, तो करपला, दुसरा परतला. मैद्याची पिशवी हातात घेतली तेवढ्यात दारातून जोनबाई म्हणाल्या, मैदा नंतर, आधी पावडर. मिस म्हणाल्या, मैदा आधी. जोनबाई म्हणाल्या, आई नेहमी नंतर घालायची. मिस म्हणाल्या, मग आई चुकत होती. जोनबाई म्हणाल्या, तू सरक. चार दिवसांची सगळी सभ्यता गेली होती आणि स्वयंपाकघरात माणसं भांडत होती. मला फार बरं वाटलं.

मीही त्यांच्याबरोबर बसून जेवले, त्यांनी उठूच दिलं नाही. खरं सांगायचं तर ती करी गोडूस आणि घट्ट होती, आमच्या सालनाची कोणीच लागत नव्हती. पण खाताना माझ्या मनात आलं, लेक सासरी जाते, तिथल्या चुलीवर शिजवते, पुढे तिच्या हाताला तिथलीच चव येते. तिला कोणी पळवून नेलं असेल, तर त्या नेणाऱ्याला जाब विचारावा. पण तिच्या नातवंडांना, तुमची आजी खोटी, असं कसं म्हणायचं? हे मला तेव्हा इंग्रजीत सांगता आलं नाही. हिंदीतही आलं नसतं. म्हणून इथे लिहिते.

जेवण झाल्यावर जोनबाई म्हणाल्या, वरची मागची खोली उन्हाची आहे, ती घे. पण पाटी राहणार.

मिसनी मीठदाणी फिरवून जागेवर ठेवली. मग म्हणाल्या, राहू दे. मात्र कोणी विचारलं की आजोबा तिथे काय करायला गेले होते ते सगळं सांगायचं. चांगलं तेवढंच नाही.

"ते तू सांग," जोनबाई म्हणाल्या. "शिक्षिका तू आहेस. मला दुपारी झोप लागते."

ठरलं. जोनबाई आठ दिवसांच्या ऐवजी महिनाभर राहिल्या, सामान बांधायला. वेताची खुर्ची मला दिली, पुस्तकं शाळेला. हारिसला मिसनी नवी बादली आणून दिली आणि त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

विमानतळावर आमचे हे गाडी घेऊन गेले, मी मागे मिसच्या शेजारी बसले. वाटेत त्या बाहेर बघत होत्या. निघताना त्यांनी माझा हात हातात घेऊन जोरात हलवला, पाहुण्या साहेबाशी हलवतात तसा, आणि वळून आत गेल्या. एवढंच. मला त्यातलं सगळं कळलं.

काचेतून थोडं आतलं दिसत होतं. तिथे दोन रांगा होत्या, एक इथे राहणाऱ्यांची, दुसरी पाहुण्यांची. जोनबाई पाहुण्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या. मिस इतक्या वर्षांच्या सवयीने इथे राहणाऱ्यांच्या रांगेत शिरल्या, सुट्टीवर निघालेल्या आमच्यासारख्या माणसांच्या मधे, मान ताठ, पासपोर्ट हातात. जोनबाईंनी त्यांना हाक मारली असावी. मिसनी आधी बहिणीकडे पाहिलं, मग वरच्या फलकाकडे, मग हातातल्या पासपोर्टकडे, ज्यातला इकामा आता संपला होता. मध्ये पट्टा बांधलेला होता आणि त्यांना वाकता येत नव्हतं. मागच्या एका माणसाने पट्टा वर उचलून धरला. मिसनी मानेने त्याचे आभार मानले आणि त्याखालून पलीकडे गेल्या. जोनबाईंनी त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली, आणि मिसनी ती घेऊ दिली.